घर रिकामं होईपर्यंत

"अहो, कृष्णेचं पाणी चढतंय. चपला घाला आणि निघा बघू," भिंतीवरच्या पेटीतून विमलताई म्हणाल्या.

श्रीपाल चौगुले खुर्चीतून हलले नाहीत. विमलताईंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

नुसत्या भोंग्याला सांगलीत कुणी दाद देत नाही, म्हणून घरोघरी या पेट्या बसवल्या होत्या. माणूस आयुष्यभर ज्याचं ऐकत आला, त्याच्याच आवाजात पेटी बोलायची आणि घर रिकामं होईपर्यंत थांबायची नाही. पुराचा सराव असला की चौगुलेकाका असेच शेवटपर्यंत बसून राहायचे.

आज सराव नव्हता. पाणी उंबऱ्याला लागलं होतं.

"काका, बोट थांबलीय!" शेजारची अस्मिता दारातून ओरडली.

"थांब गं जरा. अजून ती चिडली नाहीये. चिडली की मला 'चौगुले' म्हणते."

अस्मितानं कंट्रोल रूमला फोन लावला. "चौगुलेकाकांच्या घरातला आवाज बदला," ती कशीबशी म्हणाली. "माझा लावा."

"अहो, गोळ्या घेतल्यात का? आणि ती छत्री..." पेटी मधेच गप्प झाली. मग तिच्यातून अस्मिताच बोलली, "काका, चला ना."

काकांनी पेटीकडे पाहिलं, अस्मिताकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं चपला घातल्या. उंबरा ओलांडून सवयीनं मागे वळले.

"येतो गं," म्हणाले, आणि उत्तरासाठी थांबले.

पेटीच्या लेखी घर रिकामं झालं होतं.