सीपीयूचा ताप

मोराच्या पिसाऱ्याचं शेवटचं टोक भरत असतानाच पडदा पुन्हा काळा झाला. शिवलीलाने टेबलावर डोकं टेकलं. सकाळपासून हा संगणक जरा वेळ चालायचा आणि मान टाकायचा. सोलापूरचा मे महिना, तेव्हा एकट्या त्याला तरी किती बोल लावणार? पण कारखान्यातले माग संध्याकाळी याच चादरीच्या डिझाइनवर चालू व्हायचे होते. चारच्या आत फाइल पोचली नाही तर पुढचं सगळं काम दुसरीकडे जाईल, असं मालकाने सकाळीच फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं. घराची चूल त्या कामावर पेटत होती.

करायचे ते सगळे उपाय करून झाले होते. टेबल-फॅन सीपीयूच्या डब्यावर रोखला होता, खिडकीला ओली चादर टांगली होती, संगणकातलं नको ते सगळं बंद केलं होतं. शेवटी तिने नव्या पेठेतल्या सोमेशला फोन केला. दुकान सोडून भर उन्हात घरी येणारा दुरुस्तीवाला हल्ली दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. सोमेश आला. त्याला दारात बघूनच तिला अर्धं बरं वाटलं.

त्याने डब्याची बाजू उघडली, प्रोसेसरवरचा पंखा सुटा केला आणि आत वाकून पाहिलं. पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटी गच्च लिंपल्या होत्या. धूळ असती तर मळकट असती, हे पांढरं होतं, मऊ. सोमेशने चिमूटभर बोटांवर घेतलं, वास घेतला आणि सवयीने बोटं कपाळाला लावली. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

"वहिनी, ही इभूती हाय की."

शिवलीलाच्या लगेच ध्यानात आलं. तिच्या सासूबाई, गुरम्मा, पहाटे पूजा झाली की विभूतीचं ताट घेऊन घरभर फिरायच्या. मिक्सरला, स्कूटरला, गॅसच्या टाकीलासुद्धा तीन पट्टे असत, मग डब्याच्या जाळीवरच्या पट्ट्यांकडे कोण लक्ष देणार? आतला पंखा मात्र इमानेइतबारे ती विभूती आत ओढत होता. रोजचा आशीर्वाद प्रोसेसरच्या नरड्याशी साचला होता.

एका फुंकरीत काम झालं असतं. सोमेशच्या पिशवीत ब्लोअरही होता. पण विभूती उडवून पायदळी कशी तुडवायची? त्याने स्वच्छ फडकं मागितलं आणि ब्रशने एकेक फट हळूहळू मोकळी करायला घेतली. घड्याळ पळत होतं. शिवलीलाचा जीव टांगणीला लागला होता, तरी 'उडव की' असं म्हणायला तिचीही जीभ रेटेना. तीच फडकं धरून बसली.

गुरम्मा ताक घेऊन आल्या आणि फडक्याकडे बघतच राहिल्या. सोमेशने त्यांना सांभाळून, बेताने सांगितलं. त्या ताक बाजूला ठेवून डब्यापाशी बसल्या. ज्याच्या जिवावर आपण खातो त्याला रोज हात जोडू नयेत होय, एवढंच त्या म्हणाल्या. सोमेश आता जुना वाळलेला लेप पुसून प्रोसेसरच्या माथ्यावर नवी पांढरी पेस्ट लावत होता. त्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"आन् मग तू काय लावतोयस त्याला?"

"हे चालतं, अव्वा. ह्यानं त्याचं डोकं थंड राहतंय."

संगणक चालू झाला आणि चालूच राहिला. मोराचा पिसारा पुरा झाला, फाइल वेळेत गेली, कारखान्यातून पोचल्याचा निरोप आला. शिवलीलाने सोमेशच्या हातात ताकाचा दुसरा पेला दिला आणि सरळ सांगितलं की आज तू आला नसतास तर आमचं अवघड होतं, मी हे विसरणार नाही. तो लाजला. फडक्याची पुरचुंडी बेलाच्या बुंध्याशी सोडतो म्हणाला आणि निघाला.

गुरम्मा अजून डब्यापाशीच होत्या. हात लावावा की लावू नये, अशा. शिवलीलाला त्यांच्यावर रागावणं जमेना. उलट पोटातून माया दाटून आली. तिने त्यांच्याजवळ बसकण मारली.

"अव्वा, ह्या डब्याला पुरे आता. काम तर मी करते की. मलाच लावत जा."

गुरम्मांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"तुला लावल्याबिगर त्याच्याकडं कुटं जाते मी? तू झोपलेली असतीस, पोरी."