धुक्याची चव

पांढरी पूड खारट लागली.

तियानाने बोट पुन्हा नळीत घातलं आणि पुन्हा चाटून पाहिलं. मीठच. प्रयोगशाळेत काही चाटायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, पण राहवेना.

तिचा इंधनघट हायड्रोजनपासून वीज करायचा. आतला पातळ पडदा सुकला की चिरतो, म्हणून वायू आधी ओलसर करावा लागतो. नोवी सादच्या या प्रयोगशाळेत सगळे तो कोमट पाण्यातून बुडबुडे काढत सोडायचे. तियानाने मात्र पाण्याखाली चकती बसवली होती. कानाला न ऐकू येणाऱ्या थरथरीने ती पाण्याचं थंड धुकं करायची. पहिल्या दिवशी धुक्याचं यंत्र सुरूच झालं नाही. दुसऱ्या सकाळी येऊन बघते तर धुकं आपलं निवांत वर येतंय. मग रोजच. वीज तेवढी उतरत चालली होती. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख ड्रागिन्याबाईंनी सांगून टाकलं, शुक्रवारी गुंडाळ.

बाईंची हयात बुडबुड्यांत गेलेली. "काय म्हणतंय तुझं नाटकातलं धुकं?" असं त्या येताजाता टोचायच्या.

आता तियानाला उलगडलं. पाण्याची वाफ झाली की मीठ खाली राहतं. पण धुकं म्हणजे पाण्याचेच बारीक थेंब, पाण्यात असेल ते घेऊन उडणारे. मीठ थेट पडद्यात जाऊन बसत होतं. म्हणजे धुकं निर्दोष होतं. पण टाकीत शुद्ध पाणी तर ती स्वतः भरून जायची. सकाळी तिच्याआधी येणारं माणूस एकच होतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई कोपऱ्यात कॉफी उकळत होत्या.

"बंद करायचं तर सरळ करायचं होतंत, बाई. मीठ कशाला घातलंत?"

"मीठ टाकीतच राहतं ना गं."

"बुडबुड्यांत राहतं. धुक्यात नाही."

कॉफी उतू गेली. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या स्टुलावर बसल्या.

"पाणी अगदी शुद्ध असलं की त्यातून वीज वाहत नाही. मग त्या मेल्या यंत्राला टाकी रिकामीच वाटते, सुरूच होत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तू तोंड एवढंसं करून घरी गेलीस. म्हटलं, चिमूटभर मिठाने पोरीचं धुकं उठत असेल, तर उठू दे."