बेडूकगाडीतलं स्थळ

"आमी राधानगरीकडनं आलोय, लांबनं. खिडकीला आमी बसणार," म्हणत अंबूबाईंनी हिरव्या साडीतल्या बाईंना उठवलं आणि स्वतः ऐसपैस बसल्या. शेजारी विजयसिंहाला बसवलं. त्या बाई मागच्या बाकावर गेल्या.

बिंदू चौकातनं गाडी सुटली. रस्त्यावरनं धावायची आणि तशीच रंकाळा तलावात उतरायची, म्हणून लोकांनी तिचं नाव बेडूकगाडी ठेवलं होतं. बाकीची मंडळी कोल्हापूर बघायला आली असावीत. अंबूबाई आल्या होत्या पोरगी बघायला.

पोरगी पुढंच उभी होती, हातात माइक घेऊन. क्रांती तिचं नाव, या गाडीची गाइड. तिच्या कानावर यातलं अक्षर जाऊ द्यायचं नाही, असं अंबूबाईंनी मध्यस्थ शालूबाईंना बजावलं होतं. शालूबाईंनी मान डोलावली होती. तिकिटंही त्यांनीच काढून दिली होती.

विजयसिंह तिशी ओलांडून गेला होता. घरी ऊस, भात, गोठाभर म्हशी. पोराला सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. तरी दोन स्थळं अगदी ठरत आली आणि मोडली. का मोडली ते कुणी सांगेना. आपल्यामागं या पोराचं कोण, या काळजीनं अंबूबाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी त्यांनी निदान काढलं: आपण पोरी नीट बघत नाही. पोह्यांची बशी घेऊन आलेली पोरगी खाली मान घालून बसते, तिचं काय कळणार? बघायची तर तिच्या कामावर, तिला पत्ता न लागू देता. आणि माणूस ओळखण्यात अंबूबाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत.

"हे खासबाग मैदान," क्रांती सांगत होती. "हितं पैलवान पडला तर माती लागती. आपली गाडी पडली तर पाणी लागंल. म्हणून सगळ्यांनी जॅकेट घाला. पावणं, तुमी जरा मागची पेटी आणून पुढपत्तर वाटता का?"

विजयसिंह उठला. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जॅकेटं वाटत गेला. सगळी गाडी त्याच्याकडं बघत होती. चारचौघांत उठून दिसतंय माझं लेकरू, अंबूबाईंना वाटलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

गंगावेशीत गाडी थांबली तशी अंबूबाईंनी पहिला डाव टाकला. "दिवसभर हिंडतीस बाई. घरी स्वैपाक कोण करतं?"

"ज्याला आधी भूक लागंल त्यो, मावशी."

गाडी हसली. अंबूबाईही हसल्या. पोरगी तिखट होती, पण अंबूबाईंना मिळमिळीत काही आवडतच नसे.

"आन् आमच्या पावण्यांना काय येतं करायला?" पुढच्या बाकावरच्या मिशीवाल्या गृहस्थांनी मागं वळून विचारलं.

"चहा. आन् पिठलं," विजयसिंह म्हणाला.

"कशाला सांगतोस?" अंबूबाई कडाडल्या. "म्हशींमागं असतोय वो त्यो. चुलीम्होरं न्हाई."

विजयसिंहानं खिडकीबाहेर बघितलं. मिशीवाल्यांनी तंबाखूची डबी पुढं केली. "त्यो खात न्हाई," अंबूबाईंनीच उत्तर दिलं.

रंकाळ्याच्या काठावर पलीकडच्या बाकावरचे पटकेवाले आजोबा म्हणाले, "पावणं, चष्मा ऱ्हायला घरी. त्या पाटीवर काय लिवलंय?"

"वाच रं, मोठ्यानं!" अंबूबाईंनी कोपरानं ढोसलं. विजयसिंहानं पाटी घडाघडा वाचली. आजोबांनी समाधानानं मान हलवली.

मग गाडीनं सूर मारला. दोन्ही बाजूंनी पाणी उसळलं, बायका किंचाळल्या, आणि पुढच्या क्षणी सगळं शांत होऊन गाडी तरंगायला लागली. क्रांतीचा तोल तसूभरही ढळला नव्हता.

"आमच्यात रिवाज हाय," ती म्हणाली, "मधोमध आलं की एकानं गाणं म्हणायचं. पावणं, म्हणा की."

"त्याला न्हाई येत," अंबूबाई म्हणाल्या.

"येतं," विजयसिंह म्हणाला. आईचं वाक्य त्यानं पहिल्यांदाच खोडलं. त्याला तोंडपाठ होती फक्त गणपतीची आरती; तीच त्यानं खड्या आवाजात म्हटली. ताल चुकला, पण सगळी गाडी टाळ्या वाजवत होती, आणि क्रांती त्याच्याकडं बघून हसत होती. ते हसणं अंबूबाईंनी बरोबर टिपलं.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. पोरगी धीट, बोलकी, कामाची. आणि पोराच्या तोंडावर असा उजेड त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही.

गाडी काठाला लागून उभी राहिली. कुणी उठायच्या आत अंबूबाई पुढं गेल्या आणि त्यांनी क्रांतीचा हात धरला.

"बाई, आता सांगून टाकते. आमी कोल्हापूर बघाय न्हाई, पोरगी बघाय आलतो. तुला. ह्यो माझा ल्योक. तू आमास्नी पसंत हायस."

क्रांती लाजली नाही आणि दचकलीही नाही. तिनं माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि भरल्या गाडीवरनं नजर फिरवली.

"आबा, मामा, आत्या, आता तुमी सांगा."

हिरव्या साडीतल्या बाईंनी मिशीवाल्यांकडं बघितलं, मिशीवाल्यांनी आजोबांकडं. आजोबा सावकाश उठले आणि त्यांनी पटका नीट केला.

"पोरगं पसंत हाय," ते म्हणाले. "सासूचं घरी जाऊन कळवतो."