सांता रुफिनाची भिंत

मुलींच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली राखणदारीण क्रेसेन्सियाच्या कमरेला. सिलुये डोंगर उतरून सांता रुफिनाच्या मिशनमध्ये आली होती. पाय सुजले होते, पण बस म्हटलं तरी बसेना.

दुष्काळात ती तापाने पडलेली असताना तिच्या दिराने स्वतःच्या पोरांबरोबर तिच्या मुलीलाही इथे आणलं होतं. इथे जवाची पेज मिळते, एवढंच त्याला ठाऊक. पाद्रीबाबांनी एकदा डोक्यावर पाणी ओतलं की माणूस मिशनचं होतं, पळालं तर स्पेनच्या राजाचे शिपाई धरून आणतात, हे त्याला मागाहून कळलं.

"येलमे नाव तिचं," सिलुये म्हणाली. "भुवईखाली व्रण आहे."

क्रेसेन्सिया मूळची त्याच डोंगरातली. बाप्तिस्मा होऊन तिचे केस इथेच पिकले होते. ती सिलुयेच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, मुलगी आत आहे, पण बाप्तिस्मा न झालेल्यांना भेटू देत नाहीत. संध्याकाळी मागच्या झरोक्याखाली ये, चार शब्द बोल आणि घरी जा.

संध्याकाळी सिलुयेने झरोक्याखाली उभं राहून हाक मारली.

"आई?" आतून आवाज आला. बारीक, घाबरलेला.

सिलुयेने दोन्ही तळवे भिंतीला टेकले आणि ती हळूहळू खाली बसली. कितीतरी वेळ तिच्या तोंडून शब्द फुटेना. आतली मुलगी रडायला लागली.

"आई, गेलीस का? जाऊ नको ना."

"नाही गं बाळा," सिलुये शेवटी म्हणाली. "आहे मी."

ती घरी गेली नाही. पोरीला घेऊन ये, नाहीतर निदान तू तरी परत ये, असं नवऱ्याने निघताना बजावलं होतं. तरी तिने पाद्रीबाबांना सांगितलं, मलाही पाणी द्या. आधी प्रार्थना पाठ कर, असं ते म्हणाले.

जुनं गवती चर्च जळलं होतं, त्याच्या जागी मोठं मातीचं चर्च उठत होतं. सिलुये दिवसभर विटांसाठी चिखल तुडवायची आणि न कळणाऱ्या भाषेतल्या प्रार्थना घोकायची. संध्याकाळी झरोक्याखाली येऊन बसायची. जेवलीस का, कोणी मारलं तर नाही ना, असं विचारायची. एकदा मुलगी म्हणाली, "आपलं घर कसं होतं, सांग ना." सिलुयेने सगळं सांगितलं. ओढा कुठे, ओकच्या बिया कुटायचा दगड कुठे, थंडीत बाबा कोणत्या अंगाला निजतो. मुलगी झोपेपर्यंत ती सांगत राहायची. दाराशी बसलेली क्रेसेन्सिया ऐकायची आणि तोंड फिरवायची.

बाप्तिस्म्याच्या सकाळी चर्चला छप्परही नव्हतं. समुद्रावरचं धुकं आत शिरलं होतं. क्रेसेन्सियाने दारातच सिलुयेचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं.

"आत जाऊ नकोस," ती म्हणाली. "तुझी येलमे गेली गं. गोवराच्या साथीत. आली तीच तापाने फणफणलेली, आठवडाही काढला नाही तिने. तू जिथे चिखल तुडवतेस ना, त्याच्या पलीकडेच पुरलीय."

सिलुये उघड्या दारातून आत बघत राहिली.

"आतली पोर दुसऱ्याच गावची आहे. तिचं कोणी उरलं नाही. मीच तिला ओ द्यायला सांगितलं. म्हटलं, एवढं चालून आलीस, एकदा आवाज ऐकशील, समाधानाने परत जाशील. तू राहशील असं वाटलं नव्हतं मला." क्रेसेन्सियाने दंड सोडला नाही. "मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण अजून पाणी पडलं नाही तुझ्यावर. नवऱ्याकडे जा. एकदा आत गेलीस की हा डोंगर पुन्हा दिसायचा नाही."

आतून पाद्रीबाबांनी हाक मारली. सिलुयेने एकदा डोंगराकडे पाहिलं. धुक्यात तो दिसत नव्हता. मग तिने क्रेसेन्सियाची बोटं आपल्या दंडावरून हलकेच सोडवली.

"माझी येलमे जन्मापासून मुकी होती," ती म्हणाली आणि आत गेली.