अंगण वाकडं

वीस वर्षांपूर्वी कोर्दोबाच्या विमान क्लबात कॅप्टन बाल्दासारेंनी ओतिलियाला उड्डाणाच्या परीक्षेत नापास केलं. "सीट घट्ट बसत नाही, मागे वळून बघता येईना," ती रडवेली होऊन सांगत होती. ते हँगरमधल्या सगळ्यांसमोर हसले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

आज परवाना टिकवायला म्हातारे कॅप्टन सिम्युलेटरवर बसले. परीक्षक ओतिलिया. दोनदा ते शेजारच्या विमानावर जाऊन आदळले.

"अगं, जॉयस्टिकवरचं बघायचं बटण उलटं चालतंय! उजवीकडे दाबलं की डावीकडचं दिसतं!"

"नाचता येईना, कॅप्टन..." म्हणत तिने ठसठशीत अक्षरांत शेरा लिहिला: नापास.



मग पुढच्याला हाक मारण्याआधी तिने बटणाचं डावं-उजवं पुन्हा सरळ करून ठेवलं.