काळं ते पाणी

सासऱ्यांनी नकाशा चौथ्यांदा उलगडला आणि आपलं घर आत घेणाऱ्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही रेघ अंगणापलीकडून गेली असती, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"रेघ माझ्या मर्जीने जात नाही, बाबा. उपग्रहाला जे दिसतं, ते मी काढते," सून म्हणाली.

"मग त्या उपग्रहाला चष्मा लाव."

नवऱ्याने नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घातलं.

सून पालिकेच्या पूर विभागात नकाशे करायची. पाच वर्षांपूर्वी नदीला मोठा पूर आला, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. साध्या कॅमेऱ्याला ढगांखेरीज काही दिसलं नसतं, पण उपग्रहावरच्या रडारचे फोटो ढगांतूनही निघतात. त्यात साचलेलं पाणी काळं दिसतं. उंच इमारतींच्या सावल्याही काळ्याच दिसतात. पाणी कुठलं नि सावली कुठली, हे ओळखण्याचाच तर तिला पगार मिळायचा. साहेब म्हणायचे, लोक मावशीचं घर रेघेबाहेर काढून घ्यायला येतात आणि ही बाई स्वतःचंच घर आत घालते. ऑफिसात तिचं नाव 'हरिश्चंद्राची नात' पडलं होतं.

रेघेच्या आतलं घर पाडणार होते. बदल्यात टेकडीवर नवं घर, तेही घरातल्या थोरल्या बाईच्या नावावर. हे कलम वाचून सासरे पोट धरून हसले होते.

याच घरात जन्मलो, इथूनच चौघांच्या खांद्यावर जाईन, हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. समोरच्या बारा मजली इमारतीमुळे घरात ऊन नव्हतं. नदीकडच्या खिडक्या त्यांनी वास येतो म्हणून खिळे ठोकून बंद केल्या होत्या. दाराची किल्ली एकच, त्यांच्या खिशात. सुनेला कामावरून यायला उशीर झाला, की दार कधी उघडायचं ते त्यांच्या लहरीवर. सासूबाई तर मागच्या गल्लीतल्या बहिणीला दोन वर्षांत भेटल्या नव्हत्या. लग्नाला तीन वर्षं होऊनही सुनेचा या घरात जीव गुदमरायचा. नवरा म्हणायचा, बाबा आहेत तोवर वेगळ्या घराचं नाव काढू नकोस.

मंगळवारी दुपारी पडताळणी अधिकारी आला. नुसत्या नकाशावर घर पाडत नाहीत. पाणी कुठवर आलं होतं, ते पाहणाऱ्याने दाखवून सही करायची असते. सासऱ्यांना हेच हवं होतं. पुराच्या वेळी ते आणि मुलगा परगावी लग्नाला गेले होते, घरी एकट्या सासूबाई होत्या. आणि बायको आपल्या शब्दाबाहेर नाही, याची त्यांना खात्री होती.

"पाणी आलंच नव्हतं. विचारा हिला," ते अधिकाऱ्याला म्हणाले.

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाई उठून भिंतीपाशी गेल्या. कमरेच्या उंचीवर त्यांनी हात टेकवला.

"इथवर."

"काय बरळतेस? चार दिवसांनी आलो, तर फरशी लख्ख होती."

"पुसणारी कोण होती?"

अधिकाऱ्याने भिंतीला टेप लावली, आकडा लिहिला, सही घेतली आणि तो गेला. सासरे खुर्चीत बसून पुन्हा नकाशा उलगडायला लागले.

स्वयंपाकघरात सासूबाई भांडी विसळायला लागल्या. सून शेजारी जाऊन उभी राहिली. तिला रडू आवरत नव्हतं.

"तेव्हा जाताना यांनी बाहेरून कुलूप लावलं होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "चार दिवस दाराला टेकून मी पाण्याची वाट बघत होते. थेंबसुद्धा आत आला नाही. मग तुला कुठलं गं पाणी दिसलं?"

सुनेने नळ मोठा सोडला.

"पाणी नव्हतं, आई. समोरच्या इमारतीची सावली होती."