फ्लोरिडाचा शर्ट

निवृत्तीनंतर मिनेसोटा सोडून कुठे राहायचं, यावर नवराबायकोचा तीन हिवाळे वाद चालला होता. ऑर्विनला फ्लोरिडाचा समुद्र हवा होता, आर्लिसला गुडघ्यांसाठी ॲरिझोनाचं कोरडं ऊन. दारातला बर्फ उपसून आला की तो म्हणायचा, “तुझ्या वाळवंटात काय निवडुंगाशी गप्पा मारू?” “मार. तो निदान मधेमधे बोलणार नाही.” जानेवारीत फावडं हातात असतानाच ऑर्विन कोसळला तो उठलाच नाही. अंत्यविधीवाल्याने कपडे मागितले तेव्हा आर्लिसने फ्लोरिडासाठी घेतलेला त्याचा अर्ध्या बाह्यांचा फुलाफुलांचा शर्ट दिला. किमतीची चिठ्ठीही तशीच होती. “जिंकलास बाबा,” ती पुटपुटली. तो माणूस चाचरत म्हणाला, “काकू, जमीन गोठलीय. दफन मे महिन्यातच होईल. तोवर पेटी दफनभूमीच्या कोठीत राहील.” “तिथं ऊब असते?” “नाही.” आर्लिसने अंगातला ऑर्विनचा स्वेटर उतरवला. “मग वरून हा चढव.”